डांबराची मिशी

बोरझरी गावात भिंतीवर काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. कोणी लिहिलं ते वाचतात. रूपराव पेंटरला ही गोष्ट धंद्याच्या पहिल्याच वर्षी कळली होती. त्यामुळे जाहिरात बियाण्याची असो, सरकीच्या ढेपेची असो की कुटुंबनियोजनाची, खाली उजव्या कोपऱ्यात ‘रूपराव आर्ट, बोरझरी’ एवढं ठसठशीत यायचं, की कंपनीचं नाव वाचायला जवळ जावं लागे आणि रूपरावचं धावत्या एसटीतून दिसे. केळझरच्या गणपतीला निघालेल्या पुण्याच्या एका बाईंनी वाटेत ते नाव इतक्या वेळा वाचलं, की हे इकडचे आमदार का, असं त्यांनी कंडक्टरला विचारलं होतं.

चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांचं म्हणणं आपल्या हातानं लिहिलं. एकाच भिंतीवर तीन निवडणुकांत तीन पक्षांची चिन्हं काढली आणि तिन्ही वेळा मत चौथ्यालाच दिलं. ‘येथे लघवी करू नये’ हे वाक्य त्यानं पंचक्रोशीत इतक्या ठिकाणी लिहून ठेवलं, की परक्या माणसालाही जागा शोधायला सोपं गेलं. मग फ्लेक्स आले. गावातली पोट्टी वाढदिवसाला वाघाच्या शेजारी गॉगल घालून उभी राहू लागली, आणि रूपरावच्या ब्रशांवर लीलाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कूलरची जाळी झाडायचं काम सोपवलं. तोवर हातालाही कंप सुटला होता, त्यामुळे फ्लेक्सला नुसत्या शिव्या देऊन भागत होतं.

या सगळ्या आयुष्यात स्वतःच्या मनानं असं त्यानं एकच चित्र काढलं होतं. नेमकं त्याच्याखाली नाव नव्हतं. आणि आता, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्याची सख्खी नात त्या चित्राबद्दल चंद्रभान टेलरच्या खांद्यावर शाल घालणार होती.

नातीचं नाव सपना. तिचा बाप कैलास सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरीला, त्यामुळे पोरगी तिकडेच वाढली आणि पुढे नागपूरला चित्रकला शिकायला गेली. शेवटच्या वर्षाला तिनं विषय घेतला भिंतीवरच्या चित्रांचा इतिहास, आणि तो गुहेपासून सुरू करून थेट आजोबांच्या गावापर्यंत आणून सोडायचं ठरवलं. एप्रिलमध्ये ती लॅपटॉप आणि कॅमेरा घेऊन बोरझरीला मुक्कामाला आली. ग्राफिटी म्हणजे काय, हे तिनं पहिल्याच दिवशी चहा पिता पिता आजोबांना समजावून सांगितलं.

“म्हणजे दुसऱ्याच्या भितीवर, न विचारता, फुकटात,” रूपराव म्हणाला.

“हाव, आबाजी.”

“आमी त्याले आगाऊपणा म्हणो.”

“आता त्याले कला म्हणते. कोणी सांगितलं नाई, कोणी पैसे देल्ले नाई, तरी माणूस जीव धोक्यात घालून काढते ना.” मग तिनं कप खाली ठेवला. “आबाजी, आपल्या जिनाच्या भितीवरची मिशी. तिच्याएवढं भारी काम म्या अख्ख्या जिल्ह्यात पाह्यलं नाई.”

रूपरावला ठसका लागला. चहा नाकात गेला. तेवढ्यात बोलून टाकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण नाकात चहा असताना माणूस इतिहास सांगत नाही.

ही मिशी अशी. गावाबाहेर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची, म्हणजे गावाच्या तोंडी जिनाची, लांबलचक भिंत आहे. तिच्या मधोमध हातभर लांबीची, टोकं वर वळवलेली काळी मिशी आहे. मिशीच्या वर एक टोपी. मिशीच्या खालून एक दोरी निघते आणि चार हात लांब एका पोटसुट्या माणसाच्या मुठीत जाते. टोपीच्या आणि मिशीच्या मधे चेहरा नाही, मागे धड नाही, काहीच नाही, नुसता चुना. बाहेरच्याला तो वेड्याचा खेळ वाटेल, पण बोरझरीतलं शाळकरी पोरही सांगेल, की ही बाबाराव सरपंचांची मिशी आहे, तो ओमप्रकाश कंत्राटदार आहे, आणि मधे पूर्वी एक बैल होता.

गोष्ट आहे शहाण्णव सालची. बाबाराव तेव्हा सरपंच होते आणि त्यांची मिशी त्यांच्या आधी दारातून आत येत असे. त्या साली बोरझरी ते सिंदी रेल्वे या गावापर्यंतचा रस्ता डांबरी झाला. ओमप्रकाशनं डांबर इतकं जपून वापरलं, की उन्हात ते बैलांच्या खुरांना लागून निम्मं गोठ्यात गेलं. पण रस्ता झाला म्हणजे बोर्ड आला, आणि बोर्ड आला म्हणजे रूपराव आला. लांबी लिहिली, रुंदी लिहिली, मग त्यानं विचारलं की डांबराचा थर किती लिहू. बाबारावांनी ओमप्रकाशकडे बघितलं, ओमप्रकाशनं आभाळाकडे बघून एक आकडा सांगितला, आणि तो रूपरावनं सुबक अक्षरात लिहिला. मग चाळीस वर्षांच्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक त्यानं केली. सवयीनं खाली नाव टाकलं.

पावसाळ्यात रस्ता वाहून गेला, बोर्ड राहिला. बोर्डावर सरपंचाचं नाव नव्हतं, कंत्राटदाराचं नव्हतं. एकच नाव होतं, आणि तेही नेहमीप्रमाणे ठसठशीत. लोकांनी त्यालाच धरला. “रूपराव, तुह्या रस्त्यात माहा टायर गेला,” असं म्हणत माणसं दारात उभी राहू लागली. खड्ड्यात फसलेल्या एका वरातीच्या बसमधली मंडळी तर ‘कंत्राटदार रूपराव’चं घर विचारत आली आणि लीलाबाईच्या देखत त्याच्या सात पिढ्यांना आंघोळ घालून गेली. विहिरीवर बाया लीलाबाईला विचारत, काय व, यंदा पाटल्या केल्या का. लीलाबाई घरी येऊन तो राग भाकरीवर काढी.

शेवटी तो बाबारावांकडे गेला. म्हणाला, भाऊ, बोर्डावर तुमचं आन त्याचंबी नाव टाकतो. बाबारावांनी मिशीवरून हात फिरवला.

“काऊन? अक्षर तर तुहं आहे,” ते म्हणाले.

हे वाक्य रूपरावच्या डोक्यात घुसलं ते निघेचना. वर्षभर तो ते घेऊन फिरला. पुढच्या मे महिन्यात एका ढेपवाल्यानं त्याला जिनाच्या भिंतीवर जाहिरात सांगितली आणि बैल काढ म्हणाला. रूपरावनं बैल काढला, पण चाकांवरचा. सिंदीच्या तान्ह्या पोळ्यात पोरं ओढतात तसा लाकडी नंदी, पांढराशुभ्र, पाठीवर झूल. येणारे-जाणारे थांबून म्हणत, वा पेंटर, काय जनावर काढलं. दिवसाढवळ्या पेंटर भिंतीवर काही काढत असला, तर कोणी शंका घेत नाही. कोणीतरी सांगितलं असणार, एवढंच सगळे धरून चालतात.

बाबारावांच्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात होतं. भरदुपारी अख्खं गाव मांडवात पंगतीला बसलं असताना रूपराव भिंतीपाशी एकटा होता. काळा रंग संपला होता. शेजारीच ओमप्रकाशनं टाकून दिलेलं डांबराचं पिंप होतं आणि मेच्या उन्हानं त्यातलं डांबर लोण्यासारखं मऊ झालं होतं. रस्त्यावर जे पडलं नाही ते तिथे होतं. त्यानं ब्रश बुडवला. अर्ध्या तासात नंदीच्या तोंडाला मिशी आली, डोक्यावर टोपी आली, नाकातून दोरी निघाली आणि दोरीच्या टोकाला ओमप्रकाशचं पोट उभं राहिलं. काढताना त्याला इतका आनंद झाला, की त्याला स्वतःचीच भीती वाटली. मग हात धुतले. डांबर निघेना. माती लावून घासले, तरी निघेना. तसाच जाऊन शेवटच्या पंगतीत जेवला.

त्या संध्याकाळी नवरीची पाठवणी तासभर लांबली, कारण वऱ्हाडाची बस भिंतीपाशी थांबून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी बोंब मारली ती रूपरावनं. “माह्या जाहिरातीचा कोणं सत्यानाश केला?” असं ओरडत तो गावभर फिरला, आणि लोकांनी त्याची कीव केली. बाबारावांची पंचाईत वेगळीच. चित्राविरुद्ध तक्रार करायची तर आधी ‘हा बैल म्हणजे मी’ असं म्हणावं लागणार होतं. त्यांनी चित्राकडे बघितलं, घसा खाकरला, आणि म्हणाले, “हे कोणाचं चित्र आहे ते आपल्याले माहीत नाई. पण गाव साफ पायजे. रूपराव, चुना मार.”

रूपरावनं चुना मारला. बैल गेला. पंधरा दिवसांनी चुन्यातून आधी पिवळट डाग उमटले, मग तपकिरी, मग काळी कुळकुळीत मिशी पुन्हा वर आली. चुन्यानं डांबर थांबत नाही हे कोणत्याही पेंटरला माहीत असतं. पण पंचायतीत पेंटर कोण होतं? पुढच्या चैत्रात पुन्हा चुना, उन्हं तापली की पुन्हा मिशी. असं दरसाल चाललं. बाबारावांची सरपंचकी गेली तरी चुना त्यांच्या घरून येत राहिला, आणि हाताला कंप सुटेपर्यंत रूपराव तो मारत राहिला. दरवर्षी भिंतीकडे तोंड करून तो पोट धरून हसायचा. माणसाला आपल्याच हुशारीचं हसू येतं तेव्हा ते लवकर थांबत नाही.

आता यात चंद्रभान टेलर कुठून आला? तर लग्नाच्या दिवशी पंगतीला न आलेला गावात तो एकटाच होता. आदल्या रात्रीच्या वांग्याच्या भाजीनं त्याला घरातून हलू दिलं नव्हतं, पण हे कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तो गप्प राहिला. गावानं त्या गप्प राहण्याचा अर्थ काढला. पोट बरं झालं तेव्हा चंद्रभानच्या लक्षात आलं, की आपण शूर झालो आहोत. तो नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही, नुसता टेपशी चाळा करत गालात हसायचा. त्या हसण्यावर तो दोनदा पंचायतीत मेंबर झाला.

सपनानं हे सगळं ऐकलं ते गावाच्या तोंडून. रूपरावनं दोनदा तिला गाठायचा प्रयत्न केला. एकदा ती फोनवर होती. दुसऱ्यांदा तो ओसरीवर तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, “सपना, थे मिशी आहे ना…” तेवढ्यात तिनंच मान वर केली.

“आबाजी, पंचायतीच्या दफ्तरात बिलं सापडली. ‘भिंत साफ करणे, रूपराव आर्ट.’ दरसाल तुम्हीच पुसत होते?”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. दहावीला नापास झालेल्या पोराकडे बाप बघतो तसं ती बघत होती, आणि रूपरावच्या तोंडातून नुसतं ‘हाव’ निघालं. त्या रात्री त्याला भाकर गोड लागली नाही. गावानं पेंटर म्हणो की कंत्राटदार म्हणो, त्याला फरक पडत नव्हता. पण ही एक पोरगी, जिच्या हातात त्याच्यासारखाच ब्रश बसतो, तिनं आपल्याला पुसणारा समजावं, हे त्याला सहन होईना.

सपनाच्या भाषणाचा आणि चंद्रभानच्या सत्काराचा कार्यक्रम एक मेला ठेवला होता. झेंड्याला गाव शाळेत जमतंच, त्याच माणसांना हॉलमध्ये वळवलं. पंखे तीन, चालू दोन. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे म्हणून बाबाराव, वय त्र्याऐंशी, हातात काठी, तोंड गुळगुळीत. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी मिशी उतरवली ती उतरवलीच. भिंतीच्या लाजेनं उतरवली, असं गाव म्हणे.

सपनानं पडदा लावला आणि गुहेपासून सुरुवात केली. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी भिंतीवर उमटवलेले हात दाखवले. “हळदीचे असन,” मागून एक म्हातारी म्हणाली. मग राखेखाली गाडलं गेलेलं एक रोमन शहर आलं. तिथल्या भिंतींवर लोकांनी खाणावळवाल्याला शिव्या लिहिल्या होत्या, पोरींची नावं लिहिली होती, आणि निवडणुकीचा प्रचारही रंगवला होता.

“दोन हजार वर्सं झाली, तिकडंबी निवडणूकच,” कोणीतरी म्हणालं, आणि हॉल सैल झाला.

“आणि हा प्रचार रंगवणारे पेंटर खाली आपली नावं टाकायचे,” सपना म्हणाली. रूपरावला त्या मेलेल्या पेंटरांबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्यांच्या बायकांनाही विहिरीवर कोणी काही विचारलं असेल का, असं त्याच्या मनात आलं.

पुढे बेचाळीस सालच्या भिंती आल्या, रातोरात लिहिलेलं ‘चले जाव’ आलं. मग अमेरिकेतल्या आगगाड्या आल्या, डब्यांवर पोरांनी रंगाच्या फवाऱ्यानं आपली नावं काढलेली. रेल्वेतून रिटायर झालेला एकजण उठून म्हणाला, “सिंदीच्या टेसनावर करून दाखवा म्हना. पोलीस सदरा काढाले लावन आन त्याच सदऱ्यानं डब्बा पुसाले लावन.”

आणि मग पडद्यावर जिनाची भिंत आली.

“एका साध्या, बाजारू जाहिरातीवर एका माणसानं चार रेषा ओढल्या आणि तिची कला झाली,” सपना म्हणाली. आता ती पुस्तकातलं बोलत होती. “जाहिरात काढणारा पैशासाठी काढत होता. रेषा ओढणारा कोणासाठीच नाही. प्रत्येक इतिहासात पुसणारेही असतात. आपल्या गावातला पुसणारा माझ्याच घरातला आहे, आणि मी ते लपवणार नाही.”

टाळ्या पडल्या. रूपराव मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. तिनं चंद्रभानला बोलावलं, त्रेचाळीस डिग्रीत लोकरी शाल घातली, नारळ दिला. “कलाकारानं बोलू नये असं मले वाटते,” चंद्रभान म्हणाला आणि पंधरा मिनिटं बोलला.

त्यातली चौदा मिनिटं रूपरावनं काढली. मग तो उठला.

“सपना, थे चित्र म्या काढलं.”

हॉल हसला. लीलाबाईनं मागून सदरा ओढला. “बसा खाली. ऊन लागलं तुमाले.”

“आबाजी, जाहिरात तुमची होती, हे मी बोलले ना,” सपना हळू म्हणाली.

“जाहिरात बी माही आन मिशी बी माही.”

“मग पुसलं कोणी?”

“तेबी म्याच.”

“म्हणजे पंचायतीले चुना लावला म्हना,” मागून आवाज आला, आणि हसण्याचा गडगडाट झाला. चंद्रभान मात्र हसला नाही. त्यानं शाल घट्ट धरली.

सपनाचे कान लाल झाले. आजोबा लाजेपोटी दुसऱ्याचं श्रेय ओढायला निघालेत, असं तिला वाटलं असणार. पण पोरगी सरळ होती. तिनं फळ्याकडे बोट दाखवलं, दोन खडू काढले आणि म्हणाली, दोघंही मिशी काढा.

चंद्रभाननं काढलेली मिशी ही सुरवंट होती. तो फळ्यावरून चालत जाईल असं वाटत होतं. रूपरावनं खडू टेकवला. रेष कुठून उचलायची, कुठे दाबायची, कुठे सोडायची, सगळं त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं. हात ऐकेना. खडू कटकट वाजत राहिला आणि फळ्यावर भिजल्या पिसासारखं काहीतरी झालं. दुसऱ्यांदा केलं, ते आणखी वाईट. कोणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं फळ्याकडे तोंड ठेवूनच गिळलं.

तेवढ्यात काठी जमिनीवर आपटली.

“काय काढून राह्यले बे तुमी दोघं?” बाबाराव उठले होते. “अशी होती का माही मिशी?”

ते फळ्यापाशी गेले, धोतराच्या सोग्यानं सुरवंट पुसला, पीस पुसलं, खडू घेतला आणि त्र्याऐंशीव्या वर्षी, दोन झटक्यांत, डावीकडे एक आणि उजवीकडे एक रेष ओढली. “टोक असं. डावं थोडसं जास्त वर,” ते म्हणाले आणि मागे सरकून समाधानानं बघू लागले. वळले तर अख्खा हॉल त्यांच्याच तोंडाकडे बघत होता. आपण काय बोलून बसलो, हे त्यांना तेव्हा कळलं.

ते खुर्चीत बसले. खडूची बोटं धोतराला पुसली. “माहीच होती,” ते म्हणाले. “अठ्ठावीस साल नाई म्हटलं, आता काय म्हणू. आन काढली या रूपरावनंच. लग्नात शेवटच्या पंगतीले म्या सोता बुंदी वाढत होतो. याची बोटं पाह्यली, पाची काळी. इचारलं तर सायकलची चेन म्हणे. याची सायकल तीन दिवसांपासून माह्याच मांडवात सामान आणत होती.”

“मंग तवाच धरलं काऊन नाई, भाऊ?” रूपरावनं विचारलं. त्याचा आवाज कुठून निघतोय हे त्यालाच कळत नव्हतं.

“कसं धरू? तुले धरलं का मिशी माही ठरते. म्हणून तुलेच पुसाले लावलं. दरसाल. तुह्याच हातानं. म्हटलं, पाहू, एखाद्या साली तरी म्हणन का, भाऊ, मी नाई पुसत, हे माहं आहे. तू कवाच म्हटलं नाई. मुकाट्यानं चुना कालवे.”

रूपराव बाकावर बसला. इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून तो ज्या माणसाला हसला होता, तो माणूस त्याच्या पाठीकडे बघत उभा होता. सगळं हसणं एका क्षणात त्याच्यावरच उलटलं. त्याला बाबारावांचा राग यायला हवा होता. पण आली ती लाज, आणि ती स्वतःची होती.

बाबाराव मात्र आता थांबायला तयार नव्हते. “सरपंचकी गेल्यावर चुना माह्या घरून येत होता. जाड थर मार, असं म्या कवा म्हटलं का? आई गेली तवा मिशी उतरवली, मंग पहिल्यासारखी आलीच नाई. लोक म्हणे भितीच्या लाजेनं काढली. कायची लाज? चैत्र लागला का मी सकाळी फिराले तिकडंच जाओ. वर आली का नाई, पाहाले.” त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. “घरी फोटो आहे, पण फोटोत तोंडच जास्त दिसते.”

यावर हॉल जो हसला, तो बाबारावांसकट हसला. कोणीतरी सपनाला ओरडून सांगितलं, बाई, नीट लिहून घे: चित्र रूपरावचं, मिशी बाबारावची, डांबर ओमप्रकाशचं. आन चंद्रभान? चंद्रभान उठला, शाल काढली, घडी घातली आणि रूपरावच्या पुढ्यात ठेवली. नारळ मात्र तो सुरुवातीलाच घरी पाठवून मोकळा झाला होता.

“दोन डाव मेंबर झालो, ते काई वापस देता येत नाई बे,” तो रूपरावच्या कानात म्हणाला.

“ते ठेव तुह्यापाशी,” रूपराव म्हणाला.

माणसं चिवड्याच्या पुड्या घेऊन पांगली. लीलाबाई तेवढी जाता जाता थांबली आणि नवऱ्याच्या बोटांकडे बघून म्हणाली, “आन मी आठ दिवस ते घासलेटनं घासत होती. चेन म्हणे.” एवढं बोलून ती गेली, पण वळताना हसत होती.

सपना लॅपटॉप घेऊन आजोबांच्या शेजारी बाकावर बसली. तिचे डोळे ओले होते. मिशीच्या चित्राखालचं चंद्रभानचं नाव तिनं खोडलं आणि तिथे आजोबांचं नाव टाकलं. मग पान खाली सरकवलं.

“हे पुसणाऱ्याचं काढून टाकते, आबाजी. म्या चार लोकांत बोलले, माहं चुकलं.”

आठवडाभर रूपरावला दुसरं काहीच नको होतं. त्या एका ओळीसाठी त्याची झोप गेली होती, त्या ओळीसाठीच तो आज साऱ्या गावासमोर उभा राहिला होता.

“नको,” तो म्हणाला. “राहू दे.”

“काऊन?”

“बाबारावभाऊ बरोबर बोलले. मले वाटे मी त्यायले बनवून राह्यलो. बनवत नोयतो, भेत होतो. भेत नसतो तर एका साली तरी चुन्याची बालटी लाथाडली असती.” त्यानं लॅपटॉपवरच्या त्या ओळीकडे बोट दाखवलं. “काढलं बी म्या आन पुसलं बी म्या. दोनी लिही.”

सपनानं त्याच्याकडे बघितलं, आणि दोन्ही लिहिलं.